एकवीस किलोमीटर आणि साडेअकरा किलो

शर्यतीच्या आधीच्या आठवड्याला आमच्या धावणाऱ्या मंडळीत 'टेपर' म्हणतात. या आठवड्यात धावणं कमी करायचं, जड उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, आठ तास झोपायचं आणि मनाला त्रास होईल असं काही करायचं नाही. आमच्या कोचनं हे सगळं ग्रुपवर पाठवलं आणि खाली तीन वेळा हात जोडले. तो मेसेज मी साताऱ्याच्या घरातल्या माळ्यावर, उकिडवी बसून, एका वाळलेल्या पालीच्या शेजारी वाचला. खाली आई विचारत होती, "जातं दिसतंय का गं? दोन्ही तळ्या आण हो. नुसती वरची नको."

घर विकलं होतं. म्हणजे ते गेली वीस वर्षं विकायचंच होतं. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विषय निघायचा, चकल्या संपल्या की विषयही संपायचा. त्या भरवशावर मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी करून बसले होते. माहेरची शर्यत, माहेरचं घर, आदल्या रात्री आईच्या हातची खिचडी, असा बेत होता. मग यंदा अचानक गिऱ्हाईक आलं, खरं आलं, आणि शुक्रवारी खरेदीखत, सोमवारी किल्ली असं ठरलं. मधल्या रविवारी मी घाट चढायचा होता. आईला म्हटलं, या वर्षी राहू दे. ती म्हणाली, "पैसे भरलेत ना?" आमच्याकडे या प्रश्नापुढे चर्चा होत नाही.

दादा बंगळुरूला असतो. सोमवारी फोन केला, ये जरा, माळा एकटीनं उतरत नाही. तो म्हणाला, क्लोजिंग चालू आहे, शुक्रवारी येतो. मॅरेथॉनशी ज्याचं नाव कायमचं चिकटलंय त्या फिडिपिडीसची मला त्या क्षणी फार दया आली. तो मॅरेथॉनहून अथेन्सला पळत आला, 'जिंकलो' म्हणाला आणि कोसळला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण जुना इतिहासकार हेरोडोटस ती सांगतच नाही. तो सांगतो की लढाईच्या आधी हा गडी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला गेला. सव्वादोनशेच्या वर किलोमीटर. स्पार्टावाले म्हणाले, येऊ की, पण पौर्णिमा होऊ दे. पौर्णिमा झाल्यावर ते निघाले, पोचले तेव्हा लढाई संपलेली. त्यांनी रणांगण हिंडून पाहिलं, अथेन्सवाल्यांचं कौतुक केलं आणि घरी परत गेले. इसवी सनापूर्वी 490 मधली गोष्ट आहे ही. दादा शुक्रवारी सकाळी आला. रिकाम्या खोल्यांतून हात मागे बांधून फिरला, म्हणाला, "छान आवरलंत गं," सही केली आणि शनिवारी परत गेला.

तर टेपर. सोमवारी माळा, मंगळवारी ट्रंका, बुधवारी भंगारवाला. ट्रंकांमध्ये बाबांनी जपलेली विजेची बिलं निघाली, 1978 पासूनची, सुतळीनं बांधलेली. दिवाळी अंकांचे गठ्ठे निघाले. एका डब्यात नुसती झाकणं, आणि दुसऱ्या डब्यात, ज्याला झाकण नव्हतं, माझ्या दुधाच्या दाताची पुडी. आई प्रत्येक वस्तूशी दोन मिनिटं बोलायची आणि मग 'ने' म्हणायची. मी मात्र खंबीर होते. कुणीतरी खंबीर असावं लागतं आणि माझ्याकडे टेपरमुळे शिल्लक शक्ती होती.

शर्यतीआधी तीन दिवस पिष्टमय खायचं असतं, त्याला कार्बोलोडिंग म्हणतात. पुण्यात त्यासाठी मंडळी पास्ता वगैरे करतात. आमच्याकडे डबे रिकामे करणं चालू होतं, त्यामुळे शास्त्राला धरूनच झालं. गुरुवारी दोन्ही वेळा पोहे. शुक्रवारी साबुदाणा, उपास नसताना. शनिवारी उरलेला तांदूळ, उरलेली डाळ आणि तीन वर्षांपूर्वीच्या कुरडया. एवढं कार्ब मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेनंसुद्धा घेतलं नसेल.

पण सांगायचं होतं बुधवारचं. भंगारवाला आला तेव्हा बंब काढला. तांब्याचा, मधे नळकांडं, खाली जाळी, तोटी जरा वाकडी. ती मीच सातवीत असताना वाकडी केली होती, कशी ते अजून आईला माहीत नाही. त्यानं आधी बंब उपडा करून आतली राख झटकली, कारण राखेचे पैसे तो देणार नव्हता. मग काटा लावला. साडेअकरा किलो. मी घासाघीस करून किलोमागे दहा रुपये वाढवून घेतले आणि विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं. आई अंगणात राखेकडे बघत होती. म्हणाली, "ती भांड्याला होईल. झाडू नकोस." भांडी तोवर विकून झाली होती.

शुक्रवारी कचेरीत आईचा अंगठा यंत्राला उमटेना. आयुष्यभर पाट्यावर वाटलं, राखेनं घासलं, रेघा राहिल्यातच कुठे? समोरचा मुलगा अदबीनं म्हणाला, "आजी, जरा दाबा." पुसून दाबला. फुंकर मारून दाबला. पाचव्या वेळी उमटला, तेव्हा आई अशी खुलली की जणू परीक्षा पास झाली. बाहेर आल्यावर तिघांनी उसाचा रस घेतला. दादाचे डोळे भरले. आई रडली. रसवाल्याचा मुलगाही गंभीर झाला. मी हिशेब केला.

शनिवारी रात्री रिकाम्या घरात दोन गोधड्या टाकून आम्ही दोघी झोपलो. रिकाम्या घरात खोकलं तरी दुसरं कुणी खोकल्यासारखं वाटतं. आई मधेच म्हणाली, "सकाळी कितीला उठायचं?" म्हटलं, चारला. "गजर लावलास?" लावला. थोड्या वेळानं पुन्हा, "घड्याळाचा आवाज येत नाहीये." घड्याळ गुरुवारीच उतरवलं होतं. आठ तासांऐवजी तीन तास झोप झाली.

ही शर्यत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराच्या अंगानं यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर बरंच पुढे जाऊन वळसा घ्यायचा आणि आल्या वाटेनं खाली. म्हणजे पहिला अर्धा जवळजवळ चढच, दुसरा उतार. पावसाळ्याचे दिवस असतात, डोंगर हिरवागार, वर धुकं, आणि खाली पेठांमध्ये लोक ओट्यांवर उभे राहून हलग्या-ताशांच्या नादात टाळ्या वाजवतात. सातारकर घरी आलेल्या पाहुण्याला जसं 'घ्या, अजून घ्या' म्हणतात तसं धावणाऱ्याला 'पळा, अजून पळा' म्हणतात.

आता किपचोगेचं. या माणसानं 2019 साली व्हिएन्नामध्ये 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत अख्खी मॅरेथॉन धावून दाखवली. बेचाळीस किलोमीटर. त्याच्या निम्म्या अंतराला मला तीन तास लागतात, त्यामुळे आमच्यात तसं साम्य कमी. पण तो त्रास व्हायला लागला की मुद्दाम हसतो. हसलं की दुखणं कमी वाटतं म्हणे. मी तेवढंच उचललंय. समर्थ मंदिराकडचा चढ सुरू झाला, मांड्यांनी मंगळवारच्या ट्रंकांची आठवण काढली, तशी मी दात दाखवून हसायला लागले. आणि नेमक्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी समोरच्या काकू उभ्या होत्या. हातात थाळी आणि पळी.

"अगं, ही छकुली!" मी सेहेचाळीस वर्षांची आहे. आजूबाजूचे चार-पाच धावक वळून छकुली शोधू लागले. काकूंनी थाळीवर पळी हाणली आणि तेवढ्याच दणक्यात विचारलं, "घर विकलंत म्हणे! कितीला गेलं?"

उत्तर द्यायला श्वास नव्हता. मी नुसती हसत पुढे गेले. मागून ऐकू आलं, सुनेला सांगत होत्या, "घर विकलं तरी बघ कशी हसतीये. पुण्याला गेलं की असं होतं."

घाटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घाट चढतो, आपण त्याच्यावर असतो. आमच्या ग्रुपमधल्या अनुभवी बायकांनी सांगितलं होतं की धावताना मन मोकळं होतं, आतलं सगळं बाहेर येतं, एकीला तर पंधराव्या किलोमीटरला सासू माफ झाली होती. आठवडाभर खंबीर राहिलेली मी वाट बघत होते. धुकं आलं. बारीक पाऊस आला. खाली सातारा दिसेनासा झाला, अजिंक्यतारा तेवढा ढगातून डोकं काढून होता. अशा ठिकाणी रडायचं नाही तर कुठे? मी मनाला मोकळीक दिली. मनात आलं, गॅसची टाकी परत करायची राहिलीये. पावती कुठे आहे? बाबांनी ठेवली असणार. म्हणजे सुतळीच्या गठ्ठ्यात. म्हणजे भंगारात गेली. दहाव्या किलोमीटरपर्यंत मी गॅसच्या पावतीचा विचार केला, आणि वळसा घेताना, जिथे लोक दोन्ही हात वर करून फोटो काढतात, तिथल्या माझ्या फोटोत मी एजन्सीवर चिडलेली दिसते.

उताराबद्दल मात्र लिहायला हवं. चढाची सगळे धास्ती घेतात, उताराला सगळे 'आता काय, घरंगळत जायचं' म्हणतात. साफ खोटं आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो, ते त्याचं रोजचं काम. उतरताना त्याला ताणलं जाता जाता ब्रेक दाबायचा असतो. दर पावलाला शरीर खाली पडू बघतं आणि तो त्याला धरून ठेवतो. याचं बिल लगेच येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, जिन्यावर. याच डोंगरावरून कासचं पाणी आमच्या पेठांना येतं. मला लहानपणी वाटायचं पाण्याची किती मजा, आयतं खाली येतं. अठराव्या किलोमीटरला पाण्याविषयी माझं मत बदललं.

गल्लीच्या तोंडाशी काकू तशाच उभ्या. आता सोबत सून, दोन शेजारणी आणि एक निवृत्त मास्तर. "सांगितलं नाहीस मगाशी! कितीला?" माझं तोंड उघडं होतं पण त्यातून फक्त हवा जात-येत होती. मी दोन बोटं वर केली. म्हणजे, दोन किलोमीटर राहिलेत, आत्ता नको.

काकूंची पळी हवेतच थांबली. "दोन कोटी!"

मी वळून 'नाही नाही' म्हणून हात हलवला. मास्तरांनी तो निरोपाचा समजून उलट हात हलवला.

पदक मिळालं, केळं मिळालं, वेळ तीन तासांच्या दोन मिनिटं आत लागली. रिक्षा करून घरी आले. रिक्षातून उतरताना दोन्ही पाय हातांनी उचलून बाहेर ठेवावे लागले. आईनं पदक घेतलं, तळहातावर तोललं. आठवडाभर काट्याशेजारी बसून तिची नजर तयार झाली होती. "पितळ नाहीये," ती म्हणाली. "सगळ्यांनाच देतात का?" हो म्हटलं. "मग बरंय." कशाचं बरं ते मी विचारलं नाही.

मी पावसानं निथळत होते, दात वाजत होते. म्हटलं, आई, आधी कढत पाणी दे, मग बोलू. आणि सवयीनं मागच्या पडवीत गेले. तिथे कोपऱ्यात भिंतीला काळा ठपका होता, माझ्या कमरेएवढ्या उंचीचा, वर धुराची बोटं गेलेली. त्याच्यासमोर साडेअकरा किलोची रिकामी जागा.

तिथे मी बसले. बसले म्हणजे, गुडघे वाकत नव्हते म्हणून भिंतीला पाठ लावून घसरत गेले. आणि मग जे रडू आलं त्याला काही रीत नव्हती. नाक, डोळे, उचक्या, सगळं एकदम. आई धावत आली, तिला वाटलं पायाला काही झालं. "पाणी तापवायला काही नाहीये," मी म्हणत होते, "काहीच ठेवलं नाही मी." आई म्हणाली, "अगं वेडे, एवढंच ना," आणि पदर खोचून बाहेर गेली. मी तशीच बसले होते, कारण उठता येत नव्हतं.

दहा मिनिटांनी अंगणात बादलीच्या कडीचा आवाज आला. पुढे समोरच्या काकू, दोन्ही हातांनी वाफाळती बादली सांभाळत, मागे आई. काकूंनी बादली माझ्यापुढे ठेवली, माझ्याकडे पाहिलं, ठपक्याकडे पाहिलं.

"दोन कोटी घेतलेत," त्या म्हणाल्या, "आणि एक बंब ठेवता आला नाही?"

आईनं बादलीत हात घालून पाणी चाचपून पाहिलं. आकडा तिनं दुरुस्त केला नाही.