गाव पाहिजे

आमची ताई आणि भाऊजी सध्या गाव शोधताहेत. यात नवल काही नाही, निवृत्तीनंतर पुष्कळ जण शोधतात. कोणी मुळशीकडे गुंठे बघतो, कोणी दापोलीला. ही दोघं मात्र घर सोबत घेऊन गाव शोधतात. ओहायोतलं ऐसपैस घर विकून त्यांनी चौतीस फुटी मोटरहोम घेतली आणि तेव्हापासून झोप, स्वयंपाक, आंघोळ, चतुर्थीचा उपास, सगळं तिच्यातच. अमेरिकेत अशा लोकांना फुलटायमर म्हणतात. आईला हे फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एसटीत राहतात?"

बेत साधा होता. "वर्षभर देश बघू आणि जे गाव आवडेल तिथे पथारी टाकू," असं भाऊजी म्हणाले होते. ते वर्ष कधीच उलटलं. गावं आवडली नाहीत असंही नाही. पण चौथ्या दिवशी गावात काहीतरी खोट निघते, आणि घराला इंजिन असलं की खोट सोसायची माणसाला गरजच उरत नाही.

भाऊजी इंजिनिअर. ते नोकरीत असताना त्यांच्या सहीशिवाय पुलाचा खांब उभा राहत नसे. त्यांनी गाव निवडण्यासाठी लॅपटॉपवर तक्ता केलाय. प्राप्तिकर, घरपट्टी, विम्याचा हप्ता, हृदयाचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, विमानतळ किती तासांवर, जानेवारीचा पारा, जुलैचा पारा, तूरडाळ मिळण्याचं ठिकाण, जवळचं महाराष्ट्र मंडळ. शेवटचा रकाना ताईचा. त्याला मथळा नाही. त्यात ती फक्त 'नको' लिहिते.

उपवर मुलाच्या आईने स्थळं परत पाठवावीत तशी या दोघांनी गावं परत पाठवली आहेत. टेक्सासला राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून भाऊजी खुलले, तर घरपट्टीचा आकडा बघून मिटले. फ्लोरिडालाही प्राप्तिकर नाही, पण तिथे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत हंगाम. "म्हणजे अर्धं वर्ष सामान बांधून बसायचं," ताई म्हणाली, "ते तर आत्ताही करतेच आहे." ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, नदीपलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात पगार-पेन्शनवर प्राप्तिकर नाही, तेव्हा वॉशिंग्टनातल्या व्हँकूव्हरला राहायचं आणि कोलंबिया नदीचा पूल ओलांडून पोर्टलंडात खरेदी करायची, अशी तोड भाऊजींनी काढली. ही युक्ती आधीच हजारो लोक करतात हे कळल्यावर त्यांचा निम्मा उत्साह गेला. उरलेला तिथल्या पावसाने नेला. न्यू मेक्सिकोत एक गरम पाण्याच्या झऱ्यांचं छान गाव होतं. त्याचं पूर्वीचं नाव हॉट स्प्रिंग्ज. 1950 साली एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमाने जाहीर केलं की जे गाव आमचं नाव लावील तिथून आम्ही कार्यक्रम सादर करू, आणि या गावाने खरंच नाव बदलून 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' करून घेतलं. तेच आजतागायत चालू आहे. भाऊजींना त्या गावाची विनोदबुद्धी आवडली. ताईने 'नको' लिहिलं. "रेडिओच्या कार्यक्रमासाठी नाव बदलणारी माणसं! आपल्याकडे पुण्याचं नाव कोणी 'कामगार सभा' ठेवलं का?"

मी त्यांच्याकडे राहायला गेले ती एका हिवाळ्यात. मोटरहोममध्ये पाहुण्याचा पलंग म्हणजे जेवणाचं टेबल. ते खाली पाडायचं, वर गाद्या टाकायच्या. त्यामुळे भाऊजींचं ताक-भात होईपर्यंत पाहुण्याने पेंगत उभं राहायचं. बटण दाबलं की दिवाणखान्याची भिंत घरघरत बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाहेर उभी होते आणि भिंत माझ्या अंगावर आली. फोडणीत मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो. म्हणून ताईने फोडणीची पद्धतच बदलली आहे: आधी भाऊजी टॉवेल घेऊन भोंग्याखाली उभे राहतात, मग ती तेल तापवते. सगळ्यात मोठी अडचण रुसव्याची. चौतीस फुटांत रुसून जायचं कुठे? ताई ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन, पट्टा लावून बसते. पट्टा लावला की भाऊजी समजतात.

पण खरा देखावा सांडपाण्याचा. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. करड्या टाकीत मोरीचं पाणी, काळ्या टाकीत जे असायचं ते. काही दिवसांनी त्या रिकाम्या कराव्या लागतात आणि क्रम चुकवून चालत नाही. आधी काळी, मग करडी, म्हणजे मोरीच्या साबणपाण्याने पाइप धुऊन निघतो. भाऊजी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवतात, पाइप जोडतात, दांडा ओढतात आणि वाकून बघत राहतात. पाइपाचा एक सांधा मुद्दाम पारदर्शक केलेला असतो. का, असं मी विचारलं. "पाणी स्वच्छ यायला लागलं की नाही ते कळायला नको, मेहुणीबाई?" ते इतक्या तन्मयतेने म्हणाले की पुढचे प्रश्न मी गिळले. ओहायोत असताना हा माणूस सिंकमधला चहाचा चोथा उचलत नसे. ताई लांब उभी राहून, स्वेटरच्या बाहीने नाक झाकून म्हणाली, "लग्नानंतर इतकं लक्ष देऊन केलेलं हे यांचं पहिलं घरकाम."

त्या हिवाळ्यात मुक्काम ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला होता. एरवी हे जेमतेम अडीच हजार वस्तीचं वाळवंटी गाव. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि शहाणी माणसं पळ काढतात. पण थंडी पडली की उत्तरेकडून गाड्यांची रीघ लागते आणि नजर पोहोचेल तिथवर पांढरी टपं दिसू लागतात. गावाजवळ ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. आम्ही होतो तेव्हा तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहायचा परवाना 180 डॉलरला मिळत होता. सात महिन्यांचं भाडं! बाकीच्या बहुतेक सरकारी माळांवर चौदा दिवस झाले की उठावं लागतं. भाऊजींनी हिशेब केला की एवढ्यात पुण्यात माझ्या सोसायटीचा दोन महिन्यांचा मेंटेनन्ससुद्धा भागणार नाही. हिशेब चूक नव्हता, पण कोणी विचारला नव्हता.

त्या गावात एक समाधी आहे. दगडी पिरॅमिड आणि त्यावर तांब्याचा उंट. अमेरिकन सैन्याला 1850 च्या दशकात वाटलं की वाळवंटात सामान वाहायला उंट बरे, म्हणून ते भूमध्य समुद्राकडून मागवले आणि 1856 साली त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवालाही आला. गोऱ्या शिपायांनी त्याचं नाव 'हाय जॉली' करून टाकलं. यादवी युद्ध सुरू झालं, उंट बारगळले आणि हाजीसाहेब सोनं-चांदी शोधत वाळवंटभर फिरत राहिले. 1902 साली ते इथे वारले; पिरॅमिड 1935 चा. भाऊजी तिथे बराच वेळ उभे होते. "ह्याने कुठला तक्ता केला होता हो?" असं ताईने विचारलं तेव्हा ते गाडीकडे चालायला लागले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या माळावर सगळेच आमच्या भाऊजींसारखे हौशी नव्हते. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी 2017 साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, त्यावर पुढे सिनेमाही निघाला. त्यातली माणसं घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहतात, हंगामात बीट उपसायला किंवा गोदामात माल उचलायला जातात. तशी माणसं आमच्या आसपासही होती. ती गावांना नावं ठेवत नव्हती. काम कुठे आहे तेवढंच विचारत होती.

ताईचं दुःख निराळं आहे, ते तक्त्यात बसत नाही. तिला शेजार पाहिजे. नवी गाडी शेजारी लागली की ती संध्याकाळी डबा घेऊन जाते. बेसनाचे लाडू, नाहीतर वड्या. माणसं हरखतात, मिठ्या मारतात, कृती लिहून घेतात आणि सकाळी उठून बघावं तर जागा रिकामी. रिकामा डबा परत करू नये, त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्याकडचा रिवाज. इथे डबाच परत येत नाही. ताईच्या लग्नातले, तिचं नाव कोरलेले स्टीलचे डबे आज माँटाना, अल्बर्टा, ओक्लाहोमा अशा ठिकाणी हिंडताहेत. ती मात्र गाडी मागे घेताना सगळ्यांच्या उपयोगी पडते. कॅम्पग्राउंडवर कोणी नवखा एवढं धूड जागेत घालू लागला की शेजारी खुर्च्या टाकून तमाशा बघतात. ताई पुढे होऊन दोन हात हलवत ओरडते, "आऽन दे, आऽन दे... बास!" भाषा कोणालाच कळत नाही. गाडी बरोबर लागते.

कागदोपत्री त्यांना पत्ता आहे. लिव्हिंग्स्टन, टेक्सास. एस्केपीज नावाचा फिरत्या लोकांचा क्लब 1978 मध्ये सुरू झाला, त्याचं मुख्य ठाणं तिथे आहे. हजारो लोकांची टपालं तिथे येतात आणि जिथे गाडी असेल तिथे पुढे धाडली जातात. साउथ डकोटाची सोय आणखी सुटसुटीत: टपालाचा पत्ता घ्यायचा, एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवायची, की लायसन्स. आपल्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायला अर्धं आयुष्य जातं! लिव्हिंग्स्टनला क्लबचं एक केंद्रही आहे. ज्यांना आता गाडी हाकवत नाही असे म्हातारे तिथे आपली गाडी लावतात आणि तिच्यातच राहतात. जेवण मिळतं, नर्सची मदत मिळते. भाऊजींना ती व्यवस्था फार पसंत पडली. ताईने तिथेही 'नको' लिहिलं. "एवढं फिरून शेवटी पार्किंगमध्येच राहायचं?"

मला विचाराल तर तक्त्याने गाव मिळत नसतं. आमच्या वडिलांनी गावं निवडली नाहीत, पाटबंधारे खात्याने निवडली. मी राहते ती सोसायटी यांच्या ऑफिसातल्या लोकांनी काढली. एक सभासद कमी पडत होता, म्हणून यांनी सही केली. समोर मंगल कार्यालय, मागे नाला, उन्हाळ्यात पाणी दिवसाआड. तक्ता केला असता तर आमची सोसायटी पहिल्या रकान्यातच गळाली असती. तक्ता कोणी केला नाही, म्हणून पस्तीस वर्षं सुखाने तक्रार करत राहतोय.

मध्यंतरी वाटलं होतं की जमलं. ॲरिझोनातच एका गावात बेताचं घर, लिंबाचं झाड, हॉस्पिटल बारा मिनिटांवर, आणि ताईचा रकाना चक्क कोरा. सौद्याच्या आदल्या दिवशी भाऊजींनी वसाहतीची नियमावली वाचली. घरासमोर मोटरहोम उभी करायची ती फक्त सामान चढवण्या-उतरवण्यापुरती, एरवी सक्त मनाई. गाडी विकून टाका, असं सगळ्यांनी सुचवलं. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताई शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने पट्टा लावला.

तेव्हा वाचकहो, कोणाच्या माहितीत असं गाव असेल तर कळवा: बर्फ नको, ऊन बेताचं, वादळ नाही, कर नाही, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, कोथिंबीर रोज ताजी, शेजारी कायमचे आणि दारात चौतीस फुटी गाडी लावायला मुभा. पत्रव्यवहार लिव्हिंग्स्टन, टेक्सासच्या पत्त्यावर करावा. पत्र पोहोचतं, थोडा उशीर लागतो. कोणाकडे ताईचा डबा असेल तर तोही तिथेच पाठवा.