आधी पहारेकऱ्याला घरी पाठवा

पेणच्या रामवाडीत, एसटीच्या थांब्यापासून चार पावलांवर एक झेरॉक्सचं दुकान आहे. पॅन, आधार, लॅमिनेशन, सातबारा, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. दिवसा कॉम्प्युटर गिऱ्हाइकांचा, संध्याकाळी मालकाच्या चिरंजीवांचा. चिरंजीव सातवीत आहेत आणि ब्राउझरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळतात. परवा खेळ सुरू होईना. वर लाल पाटी आली: पॉप-अप ब्लॉकर बंद करा. बापाचं एक ऐकत नाही तो पोरगा, पण पाटीचं पहिल्याच झटक्यात ऐकलं. सेटिंगमध्ये गेला आणि सगळ्या साइट्सना एकदम मोकळं रान देऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमरापूरकडचे एक आजोबा सातबारा काढायला आले. आदल्या रात्रीचा खेळ मागे उघडाच होता. मालकांनी गाव निवडलं, गट नंबर टाकला, आणि सातबाऱ्याच्या आधी पडद्यावर उगवली एक खिडकी. ‘अभिनंदन! आजचे भाग्यवान विजेते तुम्हीच!’ तिच्या मागोमाग दुसरी, हातात पत्त्यांचा पंखा धरून हसणारी बाई. आजोबा खुर्चीतून पुढे वाकले.

‘‘ही कोन रं? हिचा बी हिस्सा लागला का जमिनीत?’’

प्रश्न रास्त होता. रायगडात जमिनीला भाव आल्यापासून सातबाऱ्यावर कोण कधी उगवेल याचा नेम नाही. मालक बिचारे ती बाई घालवायला फुली शोधत होते. फुली मिळाली ती खोटी. तिच्यावर दाबल्यावर तिसरी खिडकी.

आता ब्लॉकर नेमकं काय अडवतो ते बघा. त्याचा नियम साधा आहे. माणसाने स्वतः क्लिक केलं आणि त्या क्लिकमधून नवी खिडकी उघडली, तर जाऊ द्यायची. पान आपल्याच मनाने, घड्याळ लावून खिडक्या उघडायला लागलं, तर हात आडवा घालायचा. मग प्रामाणिक खेळ का अडतो? तुम्ही ‘सुरू करा’ दाबता. खेळ आधी दूरच्या सर्व्हरला विचारायला जातो, मध्ये एक जाहिरात दाखवतो, दहापासून शून्यापर्यंत मोजतो आणि मग निवांत खिडकी उघडायला घेतो. ब्राउझर क्लिकची आठवण जेमतेम काही सेकंद ठेवतो. तोवर तुमचा क्लिक शिळा झालेला असतो. म्हणजे चूक खेळ लिहिणाऱ्याची. पण ‘आम्हाला पान नीट लिहिता आलं नाही’ अशी पाटी कोण लावील? त्यापेक्षा तुमच्या दारातला पहारेकरीच बाद ठरवणं सोपं.

ही पॉप-अप खिडकी जन्मली तीच एका कंपनीची अब्रू वाचवायला. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड नावाच्या अमेरिकी साइटवर लोक फुकटात आपापली पानं बनवत. एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी एका चावट पानावर झळकली आणि कंपनी भडकली. ट्रायपॉडमध्ये काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी तोडगा काढला: जाहिरात पानावर नकोच, वेगळ्या खिडकीत उघडू. म्हणजे पान चावट आणि खिडकी सोवळी. पुढे 2014 साली त्यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून जगाची रीतसर माफी मागितली. तोवर अर्ध्या जगाची फुली शोधून बोटं झिजली होती. बंदोबस्त मात्र त्याआधीच झाला होता. ऑगस्ट 2004मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररला ब्लॉकर जोडला, आणि तेव्हापासून हा बिनपगारी इसम प्रत्येक ब्राउझरच्या दारात उभा आहे. रजा नाही, बोनस नाही, महागाई भत्ता नाही.

खेळाचं एक वेळ सोडून देऊ. पण बँकांची पानं आणि सरकारी पोर्टलंही बिनदिक्कत तेच फर्मावतात. पावती पाहायचीय? ब्लॉकर बंद करा. अर्जाची प्रत हवीय? ब्लॉकर बंद करा. एकीकडे सायबर पोलीस कानीकपाळी ओरडतात, अनोळखी खिडकीवर क्लिक करू नका. दुसरीकडे अधिकृत पोर्टल म्हणतं, आधी सगळ्या खिडक्या सताड उघडा, मग बोलू. काम झाल्यावर ब्लॉकर पुन्हा सुरू करा, ही ओळ मात्र कोणाच्याच पाटीवर माझ्या पाहण्यात नाही. आणि पहारा उठला की काय होतं, हे पेणकरांना सांगायला लागावं? 2010 साली पेण अर्बन बँक बुडाली ती बोगस कर्जखात्यांनी. हिशेब तपासणारे, देखरेख ठेवणारे सगळे कागदोपत्री जागेवर होते. ठेवीदार मात्र पासबुकं घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. राखणदार ढिला पडला की बिल कोणाच्या नावावर फाटतं, हे या गावाइतकं महाग शिक्षण घेऊन शिकलेलं गाव विरळा.

तोडगा हवा असेल तर तो दोन क्लिकचा आहे. क्रोमवर खिडकी अडवली गेली की पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला एक बारीक चिन्ह येतं. त्यावर दाबून फक्त त्या एका साइटला परवानगी देता येते. बाकी जगाला दार बंदच. पण तसं सांगायचं तर पाटी दोन ओळींची होते, आणि दोन ओळी लिहायला आपल्याकडे निविदा काढावी लागते.

शिवाय चोरांनी वाट बदललीय. ते आता नवी खिडकी मागतच नाहीत. पानाच्या आतच एक पडदा टाकतात, त्याला ब्लॉकर हात लावत नाही. नाहीतर ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असं गोड विचारतात, तुम्ही सवयीने ‘अलाउ’ दाबता, आणि रात्री अडीचला मोबाइल सांगतो की तुमच्यात व्हायरस शिरलाय. त्याला कळतंय तेवढं तुम्हाला कळत नाही, असा त्याचा सूर असतो.

तरीही ज्यांना वाटतं हा पोरासोरांचा आणि झेरॉक्सवाल्यांचा प्रश्न आहे, त्यांनी जुलै 2025 आठवावा. आमदार रोहित पवारांनी एक व्हिडिओ टाकला: विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, हातात मोबाइल, मोबाइलवर पत्ते. कोकाटेंचा खुलासा असा की आपण रमी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात हटवत होतो. विरोधकांना तो पटला नाही. आम्हाला मात्र त्यांच्याविषयी सहानुभूती वाटली. रामवाडीच्या दुकानात आजोबांसमोर जी बाई उगवली, तीच विधान भवनातही उगवू शकते. पत्त्यांच्या बाईला पक्ष, पद, मतदारसंघ काही वर्ज्य नाही. खुलासा खरा धरला तर हा राज्याच्या इतिहासातला पहिला पॉप-अप पेचप्रसंग, आणि त्यावर एकाही आमदाराने ‘सभागृहात ब्लॉकर बसवा’ अशी लक्षवेधी मांडू नये, याचं आश्चर्य वाटतं.

पुढे ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याच्या आधीच, 31 जुलैला राज्य सरकारने आपल्या परीने प्रकरण निकालात काढलं होतं: कोकाटेंचं कृषी खातं काढून घेतलं आणि त्यांना क्रीडा खातं दिलं.