गडावर एमबीएची साथ

ऐकलंत का? पन्हाळ्यावर म्हणे घरटी एक एमबीए निघालाय! तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरी विकणाऱ्या मावशींचा थोरला एमबीए करतोय. होम-स्टेवाल्यांची सून करतेय. पर्यटकांना अंबारखाना दाखवणारा गाइड, तोसुद्धा करतोय. आणि कुठे? कॉलेजात? छे! तटाच्या कठड्यावर, रेंज येईल त्या दगडावर बसून. लेक्चर कानात, नजर गिऱ्हाइकावर. काय म्हणावं ह्याला?

आमच्या वेळी एमबीए म्हणजे सोहळा होता हो. सकाळची एसटी धरायची, वीसेक किलोमीटर खाली कोल्हापुरात उतरायचं आणि सायबरमध्ये नंबर लागला की गल्लीभर पेढे. सायबर म्हणजे छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च, डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६ मध्ये उभी केलेली. इंटरनेटचा पत्ता नव्हता तेव्हापासूनची. आता पोरं म्हणतात, एसटीची वाट कोण बघणार, ॲप आहे की!

परीक्षेचं तर विचारूच नका. सून खोलीत दार लावून बसलेली, लॅपटॉपचा कॅमेरा सुरू, मान इकडची तिकडे करायची चोरी. तेवढ्यात सासूबाई केरसुणी घेऊन आत. पडद्यावर लाल अक्षरं: खोलीत दुसरी व्यक्ती आढळली! सासूबाई कडाडल्या, "आढळली म्हणजे? घर माझं आहे!"

आणि ते फोनवाले काउन्सेलर! "सर, तुमचं प्रोफाइल सिलेक्ट झालंय." कसलं प्रोफाइल? पोरानं नुसतं माहितीपत्रक उघडून बघितलं होतं. रात्री बारापर्यंत स्कॉलरशिप, उद्यापासून पूर्ण फी. पैसे नाहीत? मग ईएमआय घ्या. इकडे उसाचं बिल कधी जमा होईल त्याचा भरवसा नाही आणि ह्यांचा हप्ता मात्र पाच तारखेला खात्यातून गुल! थोरल्याच्या हप्त्यासाठी भाकरी किती थापायच्या, हा हिशेब मावशींना एमबीए न करता येतो. शेवटी तर विद्यापीठ अनुदान आयोगाला, म्हणजे यूजीसीला, जाहीर बजावावं लागलं, की दहा दिवसांत एमबीए म्हणून जे विकतात त्याला भुलू नका. दहा दिवसांत! तेवढ्यात मंडळाचे गणपतीसुद्धा विसर्जनाला निघत नाहीत.

बरं, सरसकट नाक मुरडावं, तर तीही सोय ठेवलेली नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीनंच २०२२ मध्ये सांगून टाकलंय. आणि घरबसल्या पदवीचं नवल तरी किती करायचं? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच करतंय.

तरी कॉलेजवाल्यांचा थयथयाट बघण्यासारखा आहे. म्हणे, हे ॲपवाले नफेखोर! अगंबाई! आपल्याकडे पदवी देणारी संस्था नफ्यासाठी चालवता येत नाही, बहुतेक ट्रस्ट आणि सोसायट्या. मग इमारतीवर मजले कसे चढतात, ते मात्र विचारायचं नाही.

नफ्याचा उघड खेळ बघायचा तर अमेरिकेत बघा. इकडे सायबर सुरू झाली त्याच १९७६ साली तिकडे जॉन स्पर्लिंग यांनी युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स काढली, राजरोस नफ्यासाठी. २०१० च्या सुमारास तिथे चार लाखांवर विद्यार्थी होते, बरेचसे ऑनलाइन. पुढे ओहोटी लागली. शिकलात की बड्या कंपन्यांत नोकरी, असा भास करणाऱ्या जाहिराती अंगाशी आल्या आणि २०१९ मध्ये रोख आणि कर्जमाफी मिळून १९.१ कोटी डॉलरवर प्रकरण मिटवावं लागलं. गंमत बघा, त्याच साली इलिनॉय विद्यापीठाच्या गीज कॉलेजनं आपलं पूर्णवेळ एमबीए बंद करून ऑनलाइनवर भर द्यायचं ठरवलं. फी तेव्हा साधारण बावीस हजार डॉलर, तिथल्या मानानं स्वस्त. म्हणजे ऑनलाइनमध्ये बुडालेले आहेत आणि तरलेलेही.

आणि पन्हाळा तालुक्याला ऑनलाइनची नवलाई कोणी सांगू नये! १९९८ मध्येच वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' म्हणून कॉम्प्युटर बसले होते. उसाची नोंद, तोडणी, बिल, सगळं शेतकऱ्याला गावातच कळावं म्हणून. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी येऊन बघितलं. शेतकरी विचारतो काय, तर उसाचं वजन किती भरलं आणि खतं किती मिळणार. त्यांनी काही गावांत कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल ठेवला आणि तेच काम एसएमएसवर चालवून दाखवलं, कमी खर्चात. गिऱ्हाइकाला काय हवं ते बघा, बाकीचं सामान काढून टाका. मॅनेजमेंट म्हणतात ती हीच की!

पण हे शिकवतं कोण? थोरला ॲपवर नेटफ्लिक्सची केस स्टडी घोकतोय आणि कॉलेजातही जुन्या स्लाइडवर तीच. इकडे दारातल्या केस स्टडीकडे कोण बघतो? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, जून २०२५ मध्ये तसलीच चप्पल प्राडानं मिलानच्या रॅम्पवर चालवली, गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमधला एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. आता गर्दीचं काय, पार्किंगचं काय, खोल्यांचे दर कोणी ठरवायचे? आणि मावशींचं दुखणं तर वेगळंच. रविवारी दुपारीच भाकरी संपते आणि मंगळवारी मळलेलं पीठ वाया जातं. ह्याचा अंदाज बांधून देईल असा एकही एमबीए अजून गडावर चढलेला नाही. घरातला थोरलासुद्धा नाही!

तेव्हा कॉलेजवाल्यांनो, बोटं मोडणं पुरे. जे लेक्चर फोनवर ऐकून भागतं ते खुशाल फोनवर टाका आणि तेवढी फी कमी करा. वर्गात बोलवाल तेव्हा पोरांना गुऱ्हाळावर, शिरोलीच्या फाउंड्रीत, वारणेच्या दूध संघात न्या. खऱ्या वह्या उघडा, खऱ्या मालकाशी वाद घालू द्या. नोकरी करणाऱ्यासाठी संध्याकाळचे वर्ग ठेवा, एकेक विषय सुटा घेऊ द्या. पास झालेला पोरगा कुठे लागला, ते दारावर खरं खरं लिहा. जाहिरातीत ॲपला तुम्ही हरवू शकत नाही. मावशींच्या पिठाच्या हिशेबात नक्की हरवाल.

आणि पोरांनो, काउन्सेलरनं कितीही घाई केली तरी आधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव शोधा. नाव सापडलं तर दोन दिवस विचार करून पैसे भरा. नाही सापडलं तर फोन ठेवा.