भोकांचे पैसे

मिस्त्रीने कृषी केंद्राच्या पॅडवर, कीटकनाशकाच्या जाहिरातीखाली चार ओळी खरडल्या आणि शेवटी आकडा टाकला : ४,३३,५००. मी चष्मा कपाळावर चढवला. हा माझा जुना हुकमी डाव. फळ्यावर गणित चुकलेल्या पोराकडे मी ३१ वर्षं असंच पाहिलं. पोरगं मुकाट्याने पुसून पुन्हा लिहायचं. मिस्त्रीने काही पुसलं नाही. "पाहून घ्या सर," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. हा माझा विद्यार्थी नव्हता. फुलसावंगीत असे थोडे निसटलेत.

घरामागे एक खोली काढायची होती, आतून १२ बाय १४. म्हणजे १६८ चौरस फूट. मिस्त्रीच्या कागदावर २५५ होते. दर फुटाला १,७००, मटेरियलसकट. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. "अगं, दीडपट लावलंय यानं!" मी आतल्या दिशेने ओरडलो. "मग मला काय सांगता," आतून उत्तर आलं, "समोर बसलाय ना तो?"

विचारलं. भाव स्लॅबवर असतो. नऊ इंची भिंती, दोन्हीकडच्या मिळून दीड फूट. स्लॅब भिंतीच्या बाहेर सगळीकडून नऊ इंच, म्हणजे आणखी दीड. १५ बाय १७. करा गुणाकार. मी केला, दोनदा केला. आमच्याकडे सगळेच असं मोजतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी माझी खाट आणि पुस्तकांचं कपाट मावेल तेवढी जागा मोजत होतो. तो त्याला बांधावी लागेल तेवढी मोजत होता.

शहाण्याने इथे थांबावं. मी पेटलो.

सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. हे मला नव्यानेच कळलं होतं, त्यामुळे चहाच्या टपरीवरच्या प्रत्येकाला कळणं भाग होतं. १२ मिलिमीटरची सळई : १४४ भागिले १६२, मीटरला ०.८८८ किलो. १२ मीटरचा नग १०.६६ किलो. मिस्त्रीलाही मी भरटपरीत विचारलं, सांगा बरं, वजन किती? तो म्हणाला, "काट्यावर कळते." लोक हसले. कोणाला हसले याची मी चौकशी केली नाही. मग टेप घेऊन रेतीच्या ट्रॉलीवर चढलो, कारण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि ट्रॉली म्हणजे ब्रास ही नुसती बोलायची रीत. उतरताना पायजमा फाटला. तो हिशेबात धरलेला नाही.

पण माझी खरी लढाई झाली ती भोकांवरून.

जुन्या घराची मागची भिंत दोन्ही अंगांनी सोलून पुन्हा प्लास्टर करायची होती. तिची मोजणी वेगळी. भिंतीत ४ बाय ४ ची खिडकी आणि ३ बाय ७ चं दार. म्हणजे १६ अधिक २१, ३७ फूट नुसती हवा. भिंतीच्या दोन बाजू, म्हणून ७४ फूट हवा. मिस्त्रीने वजा केले ३७. एक बाजू कापली, एक बाजू माझ्या माथी मारली. "मिस्त्री," मी अत्यंत शांतपणे म्हणालो (शांतपणाचा हा आवाज मी वार्षिक परीक्षेत कॉपी पकडताना वापरायचो), "तुम्ही माझ्याकडून भोकाचे पैसे घेताय."

"भोकाचेच तर घेतो सर," तो म्हणाला. "सपाट भिंत कोणीबी मारते. भोकाच्या कडा धरायला टाइम लागते."

रात्री मुलाला पुण्याला फोन केला. त्याने इंटरनेटवरून नियम शोधून पाठवला : भारतीय मानक, आयएस १२००, भाग १२. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असेल, तर एकाच बाजूचं वजा करायचं, कारण दुसरी बाजू कडांच्या कामात जिरते. माझी खिडकी दीड मीटरची, दार दोनाच्या आतलं. तंबाखू मळणाऱ्या माणसाला जे तोंडपाठ होतं, ते मला दिल्लीहून मागवावं लागलं.

झोप लागेना. आढ्याकडे पाहत मी आयुष्यात भोकांचे किती पैसे दिले ते मोजत पडलो. मेदूवडा भोकासकट घेतो. चाळणी तर भोकांसाठीच घेतो. बासरीची भोकं वजा केली तर नुसता बांबू उरतो. तो आमच्याकडे गोठ्याला लावतात. मग सहज, अगदी सहज, माझी नोकरी आठवली. मे महिना. दिवाळीच्या सुट्या. रोजचा एक ऑफ तास, ज्यात मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचो. अशी ३१ वर्षांची भोकं. शासनाने एका बाजूनेसुद्धा वजा केली नाहीत. पेन्शनमध्ये तर आता भोकच भोक आहे, भिंत कुठेच नाही. मी कूस बदलली.

तरी एक हुकमाचं पान उरलं होतं. उमरखेडहून दुसरा भाव आणवला होता : ३,७०,०००. ६३,५०० चा फरक! सकाळी तो कागद मिस्त्रीपुढे ठेवला. त्याने वाचला, घडी घालून परत दिला. "याच्यात खोदकाम कुठं हाय?"

नव्हतं. 'पाया ३ फूट' एवढंच होतं. आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत पाय जावा. तिच्यावर तीन फुटांचा पाया ठेवला तर दोन वर्षांत भिंतीतून पलीकडचं दिसतं, आणि त्या भोकाचे पैसे कोणी मागत नाही. मिस्त्रीच्या कागदावर पहिलीच ओळ होती : 'मुरूम लागेपर्यंत'. मी ती प्रस्तावना समजून सोडून दिली होती.

"ठीक आहे," मी म्हणालो, "करा सुरू." इसाराचे पैसे मोजून दिले. तो उठला नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं काढली. त्याचं स्वतःचं घरकुल मंजूर झालं होतं, काम जोत्यापर्यंत आलं होतं, पुढच्या हप्त्यासाठी अर्ज हवा होता. तो लिहून देता का, म्हणाला.

प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. साध्या भागात केंद्राच्या योजनेचे २०१६ पासून १,२०,०००. शौचालयाचे १२,००० निराळे, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटर, चुलीच्या जागेसकट, म्हणजे २६९ फूट. माझी सवय वाईट. डोक्यात भागाकार होऊन गेला : फुटाला ४४६ रुपये. माझ्या एका खोलीच्या स्लॅबहून १४ फूट मोठं अख्खं घर, आणि दर माझ्या खोलीच्या चौथाईला जेमतेम टेकणारा. चार दिवस मी या माणसाच्या कागदात चोरी शोधत होतो. टेप घेऊन, सूत्रं घेऊन, मुलाला कामाला लावून. त्याच्या हातातल्या मंजुरीपत्रावरचा दर वाजवी आहे का, हे टपरीवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि रेती, सिमेंट, सळई त्याला काही वेगळ्या भावाने मिळत नाही. काळी माती त्याच्याही जोत्याखाली आहेच. "मुरूम लागला का?" मी विचारलं. "लावला," तो म्हणाला. "घरचेच हात हायेत."

मी फुलस्केप कागद घेतला, डावीकडे घडी पाडली, वर 'प्रति' लिहिलं. अक्षर माझं अजूनही चांगलं आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. अर्ज पुरा झाल्यावर त्याने तो हातात धरला, वरखाली पाहिला, घडीच्या डावीकडच्या कोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"किती झाले सर?"

"मिस्त्री, काहीतरीच काय!"

"नाही, सांगा ना. समाससुद्धा धरा. भोकाचे मी कापत नाही."