काळी चारची सुभद्रा

संगीत नाटकाची नायिका दौऱ्यावर एकटी कधी येत नाही. तिच्याबरोबर तिचा गळा येतो. बसमध्ये त्याला खिडकी चालत नाही, एसी चालत नाही, पंख्याखालची खाट चालत नाही, आणि मॅनेजरने प्रयोगाआधी नाइटचा विषय काढलेला तर मुळीच चालत नाही. "आज जरा रुसलाय." "काल इंदूरला शहाण्यासारखा वागला." "रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा नाही." देवासला व्यवस्थेवर नव्यानेच नेमलेल्या आमच्या एका पोराने हे ऐकलं आणि बाईंच्या खोलीत एक जादा गादी टाकून ठेवली.

नाव कुणाचं घेत नाही, कारण ती एक नाही. अधूनमधून माळव्यात उतरणाऱ्या सगळ्या सुभद्रा, रुक्मिणी आणि भामिनी मिळून ही एक बाई होते. इंदूरचं ठीक आहे. तिथे सानंदसारखी संस्था आहे, प्रेक्षकांचे गट पाडून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग होतात. धार आणि देवास ही त्या दौऱ्याची शेपटं. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग इथे आलेली आमची घरं. मुलं आता "मी जेवून राहिलो" म्हणतात, पण नांदी सुरू झाली की आजोबांच्या शेजारी ताठ बसतात. या मूठभर माणसांसाठी बाई येतात, आणि मूठभर आहेत म्हणून गाण्यात काटकसर करत नाहीत.

बाईंचं पालुपद एकच. "मी काही मागत नाही हं." हे वाक्य आलं की कार्यकर्त्याने कागद-पेन काढावं. मी काही मागत नाही, फक्त गरम पाण्याचा थर्मास. फक्त ज्येष्ठमध, पण काड्या, पूड नको. फक्त गुळण्यांना हळद-मीठ, फक्त मोगऱ्याचे दोन गजरे, न उमललेले, म्हणजे दुसऱ्या अंकात उमलतील. आणि फक्त आरशासमोर पिवळा दिवा, कारण पांढऱ्या दिव्यात सुभद्रेचं वय दिसतं.

वयाचा विषय नाजूक. 'सौभद्र'मधली सुभद्रा लग्नाची मुलगी. आमच्या बाईंच्या मुलीचं लग्न होऊन गेलेलं. बलराम झालेला पोरगा रंगमंचावर त्यांना "ताई, तू अजून लहान आहेस" अशा थाटात दटावतो आणि विंगेत आला की "मावशी, माझा मुकुट धरता का?" विचारतो. घटोत्कच सुभद्रेला पळवून नेतो त्या प्रवेशाची तर मी वाटच बघत असतो. दौऱ्यावर माणसं मोजकी, म्हणून पडदा ओढणारा किडकिडीत मुलगाच घटोत्कच होतो. दिवे मंद होतात, राक्षस गर्जना करतो, आणि काळोखात सुभद्राच त्याच्या दंडाला धरून त्याला बरोबर विंगेत नेते. टाळ्या मात्र त्याला मिळतात. त्या त्यालाच मिळाव्यात असं बाईंचं मत. पोरगं दिवसभर टेम्पोतून सेट उतरवत असतं.

सकाळी सात वाजता माळव्याचं प्रेम बशीत घालून येतं: वाफाळते पोहे, वर शेव, बाजूला जिलबी. बाई त्या बशीकडे बघतात ती नजर शेवटच्या अंकात अर्जुनाकडे बघतानाही तितकी आर्त नसते. "शेव काढून द्याल?" इथे शेवेशिवाय पोहे मागणं म्हणजे यजमानाचा अपमानच. वहिनींचा चेहरा उतरतो. मग बाई एक शेव चिमटीत धरतात, "हिचा तरी मान राखते" म्हणून तोंडात टाकतात आणि लगेच दोन घोट गरम पाणी.

नंतर खर्ज. न्हाणीघराचं दार लोटून बाई खालच्या सा वर बसतात, आणि घर चवड्यांवर चालू लागतं. स्वयंपाकघरात शिट्टी झाली तर आतून आवाज येतो, "काकू, तुमचा कुकर काळी तीनमध्ये आहे." स्वतः बाई काळी चारच्या. तरुणपणी काळी पाच होती, हे त्या सांगतात. काळी चारच्या खाली कधी उतरले नाही, हेही सांगतात. पेटीवाले मास्तर ऑर्गनचा भाता पुसता पुसता मान डोलावतात. त्यांची नोकरी बरीचशी मान डोलावण्याचीच आहे.

रंगपटात टेबलावर तीन तसबिरी लागतात: बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि जयमाला शिलेदार. उदबत्ती तिघांना, पण नमस्कार करताना गंधर्वांपुढे जरा जास्त वेळ. गंमत बघा. एका पुरुषाने घरोघरच्या बायका निरखून पदर सावरण्याची, मान वेळावण्याची लकब उचलली. पुण्या-मुंबईच्या बायकांनी ती त्याच्याकडून उचलली, साड्यासुद्धा त्याच्यासारख्या नेसल्या. आणि आता आमच्या बाई धारच्या शाळेच्या सभागृहात तोच पदर तसाच सावरतात. प्रयोग नसतानाही. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेताना त्यांनी असा काही पदर घेतला की त्याने वर मिरच्या फुकट घातल्या.

इतिहासाशी बाईंचा संबंध नाटकांपुरता. स्वातंत्र्य 'कुलवधू'नंतर पाच वर्षांनी मिळालं. धारच्या किल्ल्यात 1775 मध्ये दुसरा बाजीराव जन्मला, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे 'शाकुंतल'च्या आधी एकशे पाच वर्षं. बिचारा." नाटक न बघता गेला, एवढंच त्यांना पेशवाईबद्दल वाईट वाटलं. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन राजे, 1921 मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी सचिव होता, ही आमची पाहुण्यांना ऐकवायची ठेवणीतली टेप. बाई एकदम सरसावून बसल्या. "एकवीस? जुलैमध्येच तर संयुक्त 'मानापमान' झालं मुंबईला! केशवराव आणि नारायणराव, एका रंगमंचावर. तुमच्याकडे मग ते कायमचंच होतं म्हणा की." आमच्या गावाचं इतकं नेमकं वर्णन फॉर्स्टरलाही जमलेलं नाही.

धारला वेगळी परीक्षा असते. तिथे पहिल्या रांगेत हटकून एक आजोबा असतात, मांडीवर 'सौभद्र'चं पिवळं पडलेलं पुस्तक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 मध्ये आणलेल्या या नाटकात मुळात शंभरावर पदं. पहाटेपर्यंत चालायचं ते आता तीन-साडेतीन तासांत बसवायचं, तर कात्री लागणारच. आजोबा पानं उलटत बसतात आणि जिथे पद गाळलं तिथे बोट ठेवून बायकोकडे बघतात. एकदा प्रयोग संपल्यावर ते काठी टेकत थेट रंगपटात शिरले. बाईंनी अर्धा चेहरा पुसला होता. एक गाल द्वारकेतला, एक पुण्यातला. "दोन पदं खाल्लीत तुम्ही," आजोबा म्हणाले. मॅनेजर वेळेचं कारण सांगू लागला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी बंद केलेला ऑर्गन उघडला. दोन्ही पदं त्यांनी म्हटली, पूर्ण, तानांसकट, खुर्चीवर बसलेल्या एका माणसासाठी. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आजोबा उठले, म्हणाले, "दुसऱ्यातली जागा आमच्या वडिलांनी ऐकली होती तशी नाही." आणि गेले. बाई रात्रभर खूश होत्या. "बघा, ऐकत होते!"

वन्समोअरची त्यांच्याकडे वही आहे. गाव, तारीख, पद, संख्या. 'धार – दोन. इंदूर – तीन, त्यातला एक संशयास्पद' अशी नोंद मी डोळ्यांनी वाचली आहे. संशयास्पद म्हणजे आयोजकांच्या मेव्हण्याने दिलेला.

देवासला मात्र ही वही उघडत नाही. इथे बाई भितात. रजबअली खाँसाहेबांचं गाव. त्यात 1948 मध्ये आजारी कुमार गंधर्व येऊन राहिले, बरे झाले आणि पुन्हा गायले तेही इथेच. त्यांनी तर बालगंधर्वांच्या पदांवरच आख्खा कार्यक्रम केलेला. "अहो, ज्यांनी गंधर्व उमजून सांगितले त्यांच्या दारात मी काय तोंड उघडू?" टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल'वरून गाडी जाताना बाई चपला काढतात. गाडी थांबत नाही, तरी काढतात. मल्हार स्मृती मंदिरात पोचल्यावर पडद्याच्या फटीतून रांगा न्याहाळतात. "तो तिसऱ्या रांगेतला, झब्बावाला, कुमारांचा शिष्य का हो?" तो बँक नोट प्रेसमधला अकाउंटंट असतो, पण मी सांगत नाही. त्या भीतीत बाई गातात ते गाणं पुण्यालासुद्धा ऐकायला मिळत नसणार. मध्यंतरात अकाउंटंट समोसा आणायला उठला, तेव्हा बाईंना वाटलं शिष्य निषेध म्हणून निघून गेला. दुसऱ्या अंकातलं पद त्यांनी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं.

आणि मग शेवटचा प्रयोग संपतो. पडदा पडतो, नारळाचा प्रसाद वाटला जातो आणि गळ्याला रजा मिळते. थर्मास उलटा होतो. रात्री साडेबारा वाजता आमच्या ओसरीवर बाई मांडी घालून बसल्या: पुढ्यात कचोरी, वर हिरवी चटणी, त्यावर दोन दिवसांची राहिलेली सगळी शेव, हाताशी गारेगार इंदुरी शिकंजी. वहिनी वाढताहेत, डोळ्यांत पाणी आणून. अर्जुन, बलराम, घटोत्कच सगळे भोवती. इतक्यात मॅनेजर फोन घेऊन आला. "ताई, उज्जैनवाले उद्या प्रयोग मागून राहिले. हॉल मिळालाय. हो म्हणू?"

घास तोंडात होता. बाईंनी तो सावकाश चावला, शिकंजीचा पेला संपवला, ओठ पदराने टिपले, गंधर्वांच्याच लकबीने.

"हो म्हणा. आणि मास्तरांना उठवून सांगा, उद्या पांढरी पाच. मी काही मागत नाही हं, फक्त हे उज्जैनबाहेर जाता कामा नये." मग वहिनींकडे वळून, "ती दुसरी कचोरी गार होतेय का?"