चारी बाजूंनी तीन फूट

रूम हीटरची सूचनापुस्तिका लिहिणाऱ्या अनामिक साहेबांस,
मुक्काम पोस्ट कसारा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे येथून.

आपलं नाव पुस्तिकेवर नाही आणि कंपनीचं नाव मी लिहीत नाही, तेव्हा फिटंफाट. खोक्यात थर्माकोलच्या खाली बारीक अक्षरांची जी घडी निघते, ती आपण लिहिलीत, एवढीच काय ती आपली ओळख. ती घडी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. असं गिऱ्हाईक आपल्याला आजवर भेटलं नसणार, म्हणून हे पत्र.

हीटर इथवर आला कसा, ते आधी सांगतो. आमचा मेव्हणा नाशिकला असतो. थंडी ही आपली वडिलोपार्जित जमीन असल्यासारखं नाशिककर तिच्याबद्दल बोलतात. डिसेंबरात आम्ही गेलो होतो, तर निघताना त्यानं हे खोकं हातात दिलं. "दाजी, आईंचे गुडघे धरतात ना? घेऊन जा." शेअर टॅक्सीत ते माझ्या मांडीवर बसून अख्खा घाट उतरलं. घरी आल्यावर म्हटलं, "आई, हीटर आणलाय." ती उठली आणि पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली.

साहेब, आमच्याकडे हीटर म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. हवा तापवणारा हीटर तिनं पहिल्यांदाच पाहिला. "पाणी तापलं तर अंगावर घेता येतं, हवा तापवून काय करायची?" असं तिनं विचारलं. याचं उत्तर आपल्या पुस्तिकेत सापडलं नाही.

आता आपल्याला वाटेल, ठाणे जिल्ह्यात कसली आलीय थंडी! आमच्या डोक्यावर इगतपुरी आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. रात्री तिथली गार हवा जड होते आणि उतारावरून थेट आमच्या पाड्यात येऊन बसते. भातसा-तानसाचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. थंडीच्या बाबतीत मात्र मधे महापालिका नाही, आमचा वाटा आम्हाला पुरेपूर मिळतो. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला विचारा, डब्यातल्या खिडक्या कशा आपोआप बंद झालेल्या असतात.

तर आपली पहिली सूचना. पडदे, अंथरूण, कपडे, कागद, लाकडी सामान यांपासून हीटर चारी बाजूंनी किमान तीन फूट लांब ठेवावा. मी टेप घेऊन बसलो. आमची झोपायची खोली दहा बाय बारा. हीटर एक फुटाचा. अलीकडे तीन, पलीकडे तीन, म्हणजे सात फूट एकट्या हीटरचे. उरले तीन, ते दोन बाजूंना वाटून दीड-दीड. या खोलीत आम्ही सहा जण झोपतो, शिवाय गोदरेजचं कपाट आणि थोरलीचं शिलाई मशीन. या घरात तीन फूट मोकळी जागा आजवर एकट्या गणपतीला मिळाली आहे, तीही दीड दिवस.

आम्ही काय केलं, ते आपल्याला आवडणार नाही. हीटर खाटेखाली अर्धा आत सरकवला. आईची गोधडी खाली लोंबत होती, ती वर खोचली. एका बाजूला धाकट्याचे शाळेचे मोजे वाळत घातले, कारण तापलेली जाळी फुकट सोडणं आमच्या रक्तात नाही. दहा मिनिटांत मोज्यांना वास सुटला. मोजे नायलॉनचे होते. आता एकाच्या तळव्यावर जाळीचा ठसा आहे. धाकटा तो वर्गात दाखवत फिरतो.

दुसरी सूचना पिनेची. आपल्या हीटरची पिन जाड. आमच्या खोलीत एकच बोर्ड, त्याचं सॉकेट बारीक पिनेचं, सहा अँपिअरचं. त्यावर आधीच टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि तीन मोबाइल लोंबकळलेले. बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना कन्व्हर्टर मिळतो, जाड पिन एका बाजूनं घ्यायची आणि बारीक सॉकेटात बसवायची. मी आणला आणि एक्स्टेंशनवर हीटर लावला. हीटर २००० वॅटचा आहे, हे आपणच मागच्या पट्टीवर छापलंत. २३० व्होल्टला भागा, पावणेनऊच्या आसपास अँपिअर येतात. सहाच्या वाटेवर पावणेनऊ सोडले. एक्स्टेंशनची वायर अशी कोमट लागायला लागली, की मांजर तिच्यावर येऊन झोपलं. थंडीत मांजराला घरातली सगळ्यात उबदार जागा कळते, आणि ती वायर असेल तर घरच्यांनी उठून बसावं.

आमच्या आबांनी नेमकं तेच केलं. आबा रेल्वेतून रिटायर झालेले, सगळी नोकरी घाट सेक्शनमध्ये पॉइंट्समन म्हणून. आपली पुस्तिका मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते पेंगत होते. "ओव्हरलोड" हा शब्द आला आणि ताठ झाले. कसाऱ्याहून इगतपुरीकडे ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, बहुतेक गाड्या मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावल्याशिवाय वर जात नाहीत. "तुझ्या वायरीला बँकर कुठाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्यूज आहे ना. ते मेनजवळ गेले, फ्यूजचं किटकॅट ओढून काढलं आणि आत बघून गप्प झाले. फ्यूज वारंवार उडतो म्हणून गेल्या पावसाळ्यात मीच त्यात तांब्याची जाड तार पिळून बसवली होती. जवळजवळ सायकलच्या ब्रेकच्या वायरीइतकी.

पुढचा पाऊण तास मला कॅच सायडिंग समजावून घ्यावी लागली. घाट उतरणारी गाडी सायडिंगच्या आधी थांबते. ब्रेक ड्रायव्हरच्या हातात आहे हे सिद्ध झालं, की मगच पॉइंट मेन लाइनला लागतो. तोवर रस्ता सायडिंगचाच. ब्रेक सुटलेली गाडी आली, तर ती त्या चढाच्या लाइनीत शिरून थांबते, खाली स्टेशनात घुसत नाही. आबा म्हणाले, फ्यूजची बारीक तार म्हणजे तीच सायडिंग. तू ती उखडलीस आणि वर 'फ्यूज उडत नाही आता' म्हणून सांगत फिरतोस.

साहेब, पुस्तिकेत आपण लिहिलंत की 'उपकरण योग्य क्षमतेच्या सर्किटला जोडावे'. ते वाचून मला काहीही झालं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत आबांना विचारून घ्या.

मग वायरमन आला. मेनपासून स्वतंत्र जाड वायर ओढली, सोळा अँपिअरचं सॉकेट, एमसीबी आणि अर्थिंग. अर्थिंगची तार आधी कुठे जात होती, हे शोधताना कळलं की ती भिंतीत शिरते आणि तिथेच संपते. पिनेचा तिसरा पाय इतकी वर्षं आमच्याकडे शोभेला होता. हा सगळा खर्च हीटरच्या किमतीपेक्षा जास्त झाला. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

हा गोंधळ चालू असताना दोन रात्री हीटर बंद होता. आई म्हणाली, घमेल्यात चार निखारे घेऊन आत ठेवूया, आम्ही आयुष्यभर तेच केलं. खरं आहे. ती वाढली कारवीच्या कुडाच्या, शेणानं लिंपलेल्या घरात, वर कौलं. कुडातून वारा यायचा, कौलांतून धूर जायचा. थंडी आत सोडणाऱ्या त्या फटींनीच त्या घरातल्या माणसांना जिवंत ठेवलं. आता स्लॅब आहे, स्लायडिंगच्या खिडक्या आहेत आणि दाराखाली आमच्या हिनं गोणपाट सारलेलं. अशा खोलीत कोळशाला हवा पुरत नाही, तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोप तर आलेलीच असते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे केरळचे आठ पर्यटक असेच गेले. त्यांत चार मुलं होती. एकाच खोलीत झोपले होते, दारं-खिडक्या बंद, आत गॅसचा हीटर. ही हकीकत मी आईला सांगितली. तिनं घमेलं उचललं आणि पडवीत नेऊन ठेवलं, काही न बोलता.

आपल्या हीटरच्या बाजूनं एवढं बोललं पाहिजे, की विजेचा असल्यानं त्यातून हा वायू येत नाही. त्याचा धंदा फक्त आग लावण्याचा, आणि तीही आम्ही मदत केली तरच.

शेवटची सूचना, 'झोपताना हीटर बंद करून प्लग काढावा'. ही मी घरात कुणालाही वाचून दाखवलेली नाही. गरजच पडली नाही. बादलीतल्या रॉडनं आईला फार वर्षांपूर्वी एकदा झटका दिला होता. तेव्हापासून तिचा नियम, आधी पिन काढायची, मग पाण्याला हात. नुसता स्विच बंद केलेला तिला चालत नाही, पिन भिंतीबाहेर दिसली पाहिजे. हवेच्या हीटरलाही तिनं तोच कायदा लावला. नऊ वाजता ती सॉकेटपाशी जाते, पिन उपटते, "तापली खोली, झोपा आता" म्हणते आणि म्हसा गावच्या यात्रेतून आणलेलं घोंगडं ओढून घेते. आमची पॉलिएस्टरची ब्लँकेटं दिसायला गुबगुबीत, पण ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतील. लोकर सहसा भडकन पेटत नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही, तिला फक्त ब्लँकेटवरचा वाघ आवडत नाही.

तर सध्याची व्यवस्था अशी. साडेआठला अंथरुणं, खाट, शिलाई मशीन सगळं पडवीत येतं. दहा बाय बाराच्या मधोमध हीटर, चारी बाजूंनी तीन फूट मोकळे, आपल्या आज्ञेप्रमाणे. चालू हीटर एकटा सोडू नये असंही आपण म्हणता, म्हणून दारात स्टुलावर आबा, हातात नोकरीतली जुनी बॅटरी. बाकीचे आम्ही पाच जण बाहेर शेकोटीभोवती, खोली तापायची वाट बघत. अर्ध्या तासाला एक युनिट जातं. नऊ वाजता आई पिन काढते, आणि सगळं सामान परत आत.

आपला,
एक गिऱ्हाईक
(पडवीतून)

ता. क. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हीटरसमोर सोफ्यात बसून एक बाई हसते आहे. आमच्या हिनं ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारायला सांगितलंय, की त्या बाईची घरची माणसं रात्री झोपतात कुठे?