भाव येईपर्यंत तूर कशी सांभाळावी

प्रस्तुत मार्गदर्शन जिंतूर तालुक्यातील अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या बैठकीत तुरीची पोती, पोत्यांत भुंगे आणि पोत्यांशेजारी 'आणखी थोडं थांबू' म्हणणारे वडील असतात. खळ्यावरूनच माल मोंढ्यात नेऊन पट्टी खिशात घातलेल्यांनी हे वाचू नये. त्यांनी निवांत झोपावे.

नियम पहिला : शत्रू ओळखावा. धान्यात जे जे चालताना दिसते त्याला आपल्याकडे सरसकट सोंडे म्हणायची पद्धत आहे. ती अशास्त्रीय आहे. सोंड्या ज्वारी-गव्हाचा. त्याला खरीच सोंड असते, आणि बोट लावले की तो मेल्याचे सोंग घेतो. तुरीत असतो तो भुंगा, तपकिरी, बुटका आणि उडणारा. तो घरातल्या कोपऱ्यातून पोत्यात शिरतो असे आमच्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, मत आहे, त्यामुळे झाडलोटीवरून घरात बोलणी होतात. खरे तर पुष्कळदा तो शेतातूनच आलेला असतो. शेंगा वाळू लागल्या की मादी त्यांवर अंडी घालते, आणि आपण सुतळीने पोत्याचे तोंड शिवून त्याला सन्मानाने घरी आणतो.

दाण्यावर चिकटलेला बारीक पांढरा ठिपका म्हणजे त्याचे अंडे. लाल तुरीवर ते लगेच दिसते. बदनापूरच्या बीडीएन ७११ सारख्या पांढऱ्या तुरीवर शोधायचे तर चष्मा लागतो, आणि तो अप्पांच्या नाकावर असतो. अळी अंड्यातून थेट दाण्यात उतरते, आत बसून खाते आणि उबदार दिवसांत महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर येते. मोठा भुंगा साठ्यात काहीही खात नाही. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आठ-पंधरा दिवसांत मरून जाते. भावाशी तिला काही देणेघेणे नाही.

नियम दुसरा : वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. नुसता दबला तर पोते भरू नये. ओल नऊ-दहा टक्क्यांच्या आत हवी, असे यंत्रवाले सांगतात. माय दात वापरते. आता गच्चीवर तूर पसरण्याबद्दल. नुसती पसरली तर मोठे भुंगे उडून शेजारच्या गच्चीवर जातात, आतल्या अळ्या तशाच राहतात आणि आपण समाधानाने पोती भरतो. त्याऐवजी खाली काळी ताडपत्री, तिच्यावर बोटभर थर, वर पारदर्शक प्लास्टिक आणि कडांवर दगड. एप्रिलचे आपले ऊन आहेच. आत साठ अंशांच्या पुढे तापते आणि अळीचाही निकाल लागतो. मात्र गरम तूर लगेच भरू नये, पोत्याला घाम सुटतो.

नियम तिसरा : सल्ले ऐकावेत. बिब्बा, राख, हळद, कडुलिंब, पाऱ्याच्या गोळ्या. पारावर बसणाऱ्या प्रत्येकाकडे एक हमखास उपाय असतो, आणि त्याच्या स्वतःच्या तुरीला भुंगा लागलेला असतो. कडुलिंबाचा पाला घालायचाच तर सावलीत वाळवून. हिरवा घातला तर भुंग्याआधी बुरशी येते. खाण्याच्या तुरीला किलोमागे चहाचा चमचाभर तेल चोळणे खरेच कामाचे, कारण अंड्याचा श्वास कोंडतो. गोदामातल्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात आणू नयेत. त्या वायूला भुंगा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

नियम चौथा : पोत्यांवर पाहुण्यांना बसवू नये.

नियम पाचवा : वडिलांशी भावाबद्दल बोलू नये. हा नियम सर्वांत अवघड. २०२४ मध्ये तुरीने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा अप्पा म्हणाले, "बारा होऊ दे." २०२५ च्या जानेवारीत नवी तूर आली, हमीभाव ७,५५० होता आणि मोंढ्यात त्याच्याही खाली बोली लागत होती, तेव्हा म्हणाले, "आता काय विकायची?" भाव चढला की थांबायचे कारण मिळते, पडला की आणखी मोठे. पुढच्या हंगामाला हमीभाव ८,००० जाहीर झाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू तो त्यांनीच ठरवून आणला आहे. मोंढ्यात जातात, आडत्याकडे चहा पितात, भाव विचारतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. पोत्याला कान लावून आतली कुरकुर ऐकण्याची सवय त्यांना लागली आहे. तरी एक सांगतो : सोयाबीन घाईने विकून पस्तावलेला माणूस आहे तो, त्याला एकदम हसू नये.

नियम सहावा : डाळ करावी. भुंग्याला अंडी चिकटवायला अख्खा, गुळगुळीत दाणा लागतो. डाळीला तो फारसा विचारत नाही. ही गोष्ट मायला कोणत्याही विद्यापीठाशिवाय ठाऊक आहे. उन्हाळ्यात ती मागच्या बाजूचे पोते हळूच उसवते, तूर भिजवते, तेल लावते, वाळवते आणि दुपारी जात्यावर भरडते. डबे भरले की ते ट्रॅव्हल्सने पुण्याला, ताईकडे.

संध्याकाळी अप्पा पोती मोजतात. "एक कमी दिसतंय गं."

"भुंग्यानं खाल्लं," माय म्हणते.

ते वही काढतात आणि घट या सदरात लिहितात : भुंगा, १ पोते.